ऑर्डरची ओळ फोडताना

चाटी गल्लीतल्या दुकानाच्या ऑर्डरी वाचायच्या म्हणून तू ती जी दीडशे अक्षरांची रेजेक्स (मजकुरात नमुना शोधायचं चिन्हांचं सूत्र) लिहिलीस ना, ती आधी पुसून टाक. पुढच्या महिन्यात तुलाच ती वाचता येणार नाही.

हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतोच आहेस, तर तिची पार्सेक ही लायब्ररी घे. तिच्यात मजकुराचा एकेक भाग ओळखणारी छोटी फंक्शनं, म्हणजे पार्सर, लिहून जोडायची असतात. 'टर्किश टॉवेल १२ नग' ही ओळ घे. मालाचं नाव ओळखणारं एक फंक्शन, संख्येचं दुसरं, एककाचं तिसरं. प्रत्येक वेगळं तपासून बघ, मगच जोड. हाताशी मजकुराचे तुकडे नाही, नाव, संख्या, एकक अशा रकान्यांचा थेट रेकॉर्ड येतो, हा खरा फायदा.

आता जिथे सगळे अडकतात ते. 'टर्किश' किंवा 'टॉवेल' असा पर्याय दिलास आणि ओळीत 'टॉवेल' आलं, तर पहिला पर्याय 'ट' गिळतो, पुढे फसतो आणि पार्सेक दुसऱ्याकडे बघतच नाही. पहिल्याला 'ट्राय'मध्ये गुंडाळ, म्हणजे फसल्यावर गिळलेलं अक्षर परत मिळतं. पण सगळीकडे 'ट्राय' पेरू नकोस बाबा, चूक सांगणारे संदेश भलत्याच जागेवर बोट दाखवायला लागतात.

दुसरं म्हणजे आकडे. पार्सेकमधला तयार 'डिजिट' पार्सर फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. आपले व्यापारी '१२' देवनागरीत टाकतात. ० ते ९ साठी स्वतःचा पार्सर लिही, त्या आकड्याचं मूल्यही स्वतःच काढ, कारण आकड्याच्या चिन्हाची संख्या करणाऱ्या हॅस्केलच्या 'डिजिट-टू-इंट'ला '१' दिलास तर प्रोग्रॅम कोसळतो.

रिकाम्या मजकुरावर पास होणारा पार्सर 'मेनी'ला (तोच पार्सर पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या फंक्शनला) देऊ नकोस, एरर येते. आणि फक्त पिनकोड तपासायचा असेल तर साधी रेजेक्सच वापर की.