माद्रिदहून एल एस्कोरियल आणि ‘व्हॅली ऑफ द फॉलन’ खासगी गाडीने एका दिवसात होईल का?

हो, आरामात होईल; एल एस्कोरियल, म्हणजे स्पेनच्या राजांचा मठ-राजवाडा, माद्रिदपासून साधारण ५० किलोमीटरवर आहे आणि व्हॅली, म्हणजे स्पॅनिश यादवी युद्धातल्या मृतांचं स्मारक (२०२२ पासून अधिकृत नाव कुएलगामुरोस), तिथून जवळच. सकाळ मठाला द्या. दुसऱ्या फेलिपेची झोपायची खोली चुकवू नका: पलंगावरूनच बॅसिलिकाची (मठातल्या चर्चची) वेदी दिसावी अशी तिची रचना आहे, आणि एवढ्या मोठ्या राजाची खोली किती साधी! नुसता मठच बघायचा असेल तर मात्र गाडीवर पैसे घालू नका, माद्रिदमधल्या मोंक्लोआहून बस मिळते. गाडीचा खरा उपयोग व्हॅलीसाठी. तिथला क्रॉस १५० मीटर उंच आहे, पण या बांधकामावर हुकूमशहा फ्रँकोने राजकीय कैद्यांनाही राबवलं, हे जाण्याआधी माहीत असू द्या. सोमवार टाळा, दोन्ही बंद असतं.