वीज कर्मचारी पगारासाठी संपावर जातात आणि लोकांना अंधारात बसावं लागतं, हे बरोबर आहे का?

माझा थोरला भाऊ करवीर तालुक्यात कंत्राटी वायरमन आहे, तेव्हा मी तटस्थपणे लिहीन असं समजू नका. त्यांनी संप करावा का? हो, करावा.

लोकांना आठवतो तो जानेवारी 2023 चा संप. तिन्ही सरकारी वीज कंपन्यांच्या संघटनांनी 72 तासांची हाक दिली, सरकारनं मेस्मा (अत्यावश्यक सेवेतला संप बंद पाडायचा कायदा) लावला, आणि 4 तारखेलाच फडणवीसांबरोबर बैठक होऊन संप मिटला पण. त्यात मुख्य मुद्दा पगाराचा नव्हताच, मुंबईच्या आसपासच्या भागात अदानीला समांतर वीजवाटपाचा परवाना देऊ नका हा होता. तरी गावात दादाला ऐकून घ्यावं लागलं, "तुम्हाला किती पण पगार द्या, पुरत न्हाई."

दादाच्या हातात महिन्याला 13 हजार पडतात, ते पण ठेकेदाराचं बिल निघालं की, कधी 15 तारखेला कधी 25 ला. त्याच खांबावर चढणाऱ्या परमनंट माणसाला याच्या कितीतरी पट. 2016 ला पंजाबच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सरकारी खात्यातल्या तात्पुरत्या लोकांना समान कामाला समान वेतन द्या म्हणून सांगितलंय, पण मधे ठेकेदार आला की ते सगळं कागदावरच राहतं.

आता 13 हजारात दोन पोरं आणि आईचं औषधपाणी भागत नाही म्हणून दादा दिवसा लोकांच्या घरातलं वायरिंग करतो, जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरतो, आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या लाइनला, रात्रीची पाळी असली की उसाला पाणी पाजणाऱ्यांचे फोन रात्री दोनला सुरू, डीपीवर फ्यूज गेलाय, ये. म्हणजे खांबावर चढणारा माणूस दोन-तीन दिवस नीट झोपलेलाच नसतो. पगार आणि सेफ्टी हे दोन वेगळे विषय आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या वहिनीला विचारावं, ती रात्री त्याच्या गाडीचा आवाज येईपर्यंत पडवीत बसून असते.

11 केव्हीच्या, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या लाइनवर हात घालायच्या आधी सबस्टेशनमधून लाइन बंद केल्याचं परमिट घ्यायचं, एबी स्विच (लाइन तोडायचा खांबावरचा स्विच) खाली करायचा, लाइन मेलीय का बघायचं, मग दोन्ही बाजूंनी अर्थिंग करायचं. खाली एक माणूस उभा पाहिजे. आता सांगा, एकट्या माणसाकडं चार-पाच गावं असली तर खाली उभं कोण राहणार? तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात घरांना वीज देणाऱ्या बारक्या लाइनवर काम करताना, सप्लाय बंद होता तरी, कुणीतरी चेंजओव्हर (घराची वीज एका वेळी लाइनला नाहीतर जनरेटरला, एकालाच जोडणारा स्विच) न बसवता जनरेटर चालू केला आणि करंट उलटा लाइनवर आला. दादा चिखलात पडला म्हणून वाचला, उजवा हात कोपरापर्यंत भाजला. हातमोजे फाटलेले होते, चार महिने नवे मागत होता. ठेकेदारानं तो त्या दिवशी ड्युटीवरच नव्हता असं लिहून टाकलं, दोन महिने घरी बसला त्याचा एक रुपया मिळाला नाही, आणि भांडलास तर उद्यापासून दुसरा माणूस घेतो हे वर.

2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात कोल्हापूरला पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला 55 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 43. पंपिंग स्टेशन पाण्यात गेल्यामुळं शहराला नळाचं पाणी नव्हतं, लाइट कुठं कुठं आठवडाभर नव्हती. तेव्हा होडीत बसून तारा बघत फिरणारी हीच पोरं होती आणि लोकांनी त्यांचे फोटो स्टेटसला ठेवले होते. त्या कौतुकात त्यांच्या हातमोज्यांची चौकशी कुणी केली नाही, मी पण केली नव्हती, हे मला आज लई लागतं.

संपाच्या त्या एक-दोन दिवसांत तुमचे हाल होतात हे मला मान्य आहे, हॉस्पिटल आणि पाण्याची लाइन चालू ठेवूनच संप व्हावा हे पण मान्य. पण नोटीस देऊन, निवेदनं देऊन, गेटवर बसून काहीच हललं नाही तर त्यांनी अजून काय करायचं?

तुम्ही विचारलंच आहे तर दोन कामं करा. घरात जनरेटर नाहीतर इन्व्हर्टर असेल तर चेंजओव्हर नीट बसवलाय का बघून घ्या. आणि लाइट गेली की वायरमनला सारखा फोन लावू नका, एकदा सांगितलंय म्हणजे त्याला कळलंय, तो बहुतेक खांबावरच असतो आणि साहेबांचा असेल म्हणून एका हातानं तो फोन उचलतो.