रोज लिहितोय, तरी सुधारत का नाही?

प्रश्न : ताई नमस्कार, दोन वर्षं झाली रोज रात्री एक पान लिहितोय, एक दिवस चुकवला नाही, पण परवा जुनी वही काढली तर तेव्हाचं आणि आत्ताचं सेमच वाटलं. मित्र म्हणतात भारी लिहितोस. मग अडतंय कुठं? सोबत पुरावरचं एक पान पाठवतोय.
– एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : मित्रांचं सोडा हो, समोर भडंग ठेवलं की मित्र सगळ्यालाच भारी म्हणतात. नेम पाळलात हे कौतुकाचंच, पण जे आधीच येत होतं तेच तुम्ही सातशे वेळा केलंत. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांवरचा अभ्यास १९९३ साली छापला, त्यात मुद्दा हाच की जे जमत नाही तेवढंच धरून घासायचं आणि चूक लगेच कळली पाहिजे. मिरजेत सतारीची जवारी, म्हणजे तारेची झंकार, काढताना बघा, तारांखालच्या घोडीवर जरासं घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं.

लिहिताना असा कान कुठनं आणायचा? बेंजामिन फ्रँकलिननं पोरवयात, बॉस्टनला भावाच्या छापखान्यात असताना, एक युक्ती काढली, आवडलेला लेख घ्यायचा, वाक्यावाक्याचा मुद्दा दोन शब्दांत टिपायचा, काही दिवस तसाच ठेवायचा, मग न बघता आपल्या शब्दांत लिहून मुळाशी ताडायचं. शब्द कमी पडतात हे कळल्यावर पठ्ठ्यानं गद्याचं पद्य करून बघितलं, कारण यमकात बसवायचं तर दुसरा शब्द हुडकावाच लागतो.

आता तुमचं पान. ‘कृष्णामाई रौद्र रूप धारण करून वाहत होती.’ अहो हे पेपरातलं वाक्य झालं! पावसाळ्यात सांगलीत रौद्रबिद्र कोण म्हणतं, ‘आयर्विन पुलाला पाणी किती फुटावर?’ एवढंच विचारतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे तुमच्याकडं पोराटोरांना पाठ असतं. मग आकडा चढत होता तेव्हा घरातली पहिली कुठली वस्तू माळ्यावर गेली, कुणी चढवली, ते लिहा की.

महिनाभर विशेषणं बंद. रोज नको, आठवड्याला दोनच पानं, पण प्रत्येक पान घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा आणि ऐकणारं जिथं ‘म्हणजे?’ म्हणेल तिथं पेन्सिलीनं खूण करा. पुढच्या वेळी मला फेअर केलेलं पान नको, त्या खुणांचंच पाठवा.