करुण कवितेत ट, ठ, ड चालतात का?

प्रश्न असा आलाय की जुन्या नाशकातल्या वाड्यात आयुष्य काढलेल्या आजीवर कविता लिहिलीय, त्यात ‘उंबरठ्याशी काठी अजून टेकलेली’ अशी ओळ आहे, आणि मित्र म्हणतो की ट-ठ-ड हे ‘ओज’ गुणाचे, म्हणजे जोरकसपणाचे वर्ण, करुण कवितेला ‘माधुर्य’, म्हणजे गोडवा लागतो, तर ही ओळ बदल. बदलायची का?

मित्राने नियम मनाने काढलेला नाही. 11व्या शतकातल्या मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात तसंच आहे, माधुर्याला ट-ठ-ड-ढ वर्ज्य, अनुनासिकाला जोडून आलेली अक्षरं चांगली, म्हणजे अंग, अनंत असे शब्द. ओजाला रफार, जोडाक्षरं, टवर्ग (ट, ठ, ड, ढ, ण), लांबलचक समास. पण तोच मम्मट हेही सांगतो की गुण असतात रसाचे, म्हणजे कवितेतल्या भावाचे, अक्षरांचे नव्हे. धिप्पाड माणूस दिसला की लोक त्याच्या देहालाच शूर म्हणतात, शौर्य मात्र आत असतं, हा दृष्टांतही त्याचाच. लोक नेमकं हे विसरतात आणि अक्षरांची यादी तेवढी पाठ करतात.

आता मराठीत बघा. आपल्या कुसुमाग्रजांचं ‘गर्जा जयजयकार’ मोठ्याने म्हणा, र्ज वर जीभ अडते आणि मग सुटते, त्या अडून सुटण्यातच जोर आहे, आणि या दोन शब्दांत टवर्गातलं एकही अक्षर नाही. उलट बालकवींचं ‘आनंदी आनंद गडे, इकडे तिकडे चोहिकडे’, दोन ओळींत चार वेळा ड! नियमाने कर्कश व्हायला हवं होतं, पण मराठीत दोन स्वरांमधला ड आपण ठासून म्हणतच नाही, जीभ टाळूला नुसती लागून पुढे येते, त्यात दोन्ही ओळी 14-14 मात्रांच्या, म्हणून तो ड चक्क बागडतो. म्हणजे वर्ण तेच असले तरी लय, अर्थ आणि उच्चाराची जागा बदलली की भावना बदलते.

तुमच्या ओळीत ठ, ठ, ट असे थांबत थांबत येतात, म्हाताऱ्या माणसाच्या काठीसारखे, आणि शेवटी ‘टेकलेली’त ल-ल येऊन आवाज खाली बसतो. मला तरी यात करुणच ऐकू येतो. वाडा, उंबरठा, काठी हे तुमच्या आजीचे शब्द आहेत, ते काढून ‘मंद’, ‘गंध’ भरलेत तर नाद गोड होईल हो, पण मग ती आजी कुणाचीही होईल, तुमची राहणार नाही.

बदलायचंच असेल तर तुमच्या कवितेत हिच्या वरच्या ओळीत आलेलं ‘काळीज विदीर्ण’ बदला. तिथे रफार आणि टवर्गातला एक ण सोडला तर काही नाही, आणि लघु (ऱ्हस्व) ण तर मम्मटालाही चालतो, तरी कानाला खटकतं, कारण सगळी कविता घरातल्या बोलीत चाललीय आणि हा एकच शब्द पुस्तकातून उचललेला वाटतो. ‘काळीज तुटतं’ म्हणा. त्यात ट आहे, असू द्या.