कर्ज मागायला जाण्याआधी

पोरी,
अनेक आशीर्वाद.

केळीच्या वेफर्सचा धंदा सुरू करायचा आणि त्यासाठी यावलच्या पतसंस्थेत पाच लाखांचा अर्ज करायचा असं तू ठरवलंस, हे तुझ्या बाबांनी सांगितलं. ऐकून बरं वाटलं. फैजपूर-सावद्याच्या रस्त्याला वेफर्सच्या कढया तापलेल्या असतात, गाड्या थांबतात, माल खपतो, म्हणून धंद्याबद्दल मला शंका नाही. मला विचारायचंय ते एवढंच की पाच लाख हा आकडा आला कुठून? माझी सगळी नोकरी पतसंस्थेच्या कर्ज विभागात झाली. थकलेल्या खात्यांमागची माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांचा धंदा चांगलाच होता. गरजेपेक्षा जास्त उचल केली आणि हात रिकामा असतानाच हप्ता दारात उभा राहिला, तिथे ती माणसं अडकली.

म्हणून आधी वही घेऊन बस. यंत्रांचा खर्च वेगळ्या पानावर लिही: काप करायचं मशीन, कढई-भट्टी, पिशवी सील करायचं मशीन, विजेचं कनेक्शन. प्रत्येकाचं कोटेशन दोन ठिकाणांहून घे. दुसऱ्या पानावर खेळतं भांडवल मांड. नवे लोक हमखास फसतात ते या दुसऱ्या पानावर. दुकानदार पहिल्या मालाचे पैसे दुसरा माल टाकायला गेल्यावर देतो, आणि काही जण तेव्हाही अर्धेच देतात. म्हणजे कच्ची केळी, तेल, पिशव्या आणि मजुरी यांचे दोन खेपांचे पैसे तुझ्या खिशातून जाऊन बाजारात अडकलेले असणार. ते धरले नाहीस, तर मशीन उभं राहील आणि तेलाच्या डब्याला पैसे नसतील.

आता वर्षाचा हिशोब महिन्यांनी मांड. श्रावणात, नवरात्रात उपवासामुळे वेफर्स जोरात जातात, पण त्याच दिवसांत केळीलाही मागणी असते आणि भाव चढतो. विक्री दुप्पट झाली म्हणून नफाही दुप्पट होईल असं धरू नकोस. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलच्या बागा कशा आडव्या होतात ते तू लहानपणापासून पाहतेस. तसं झालं की कच्चा माल महाग होतो, पण हप्त्याची तारीख हलत नाही. तुझ्या बारा महिन्यांतला सगळ्यात वाईट महिना काढ. त्या महिन्यात घरखर्च भागवून जेवढा हप्ता जाईल, तेवढ्याच हप्त्याचं कर्ज माग. मशीन बसून माल विकायला लागेपर्यंत मुद्दलाचा हप्ता पुढे ढकलता येईल का, हेही अर्जातच लिहून विचार. तोंडी विचारलेली गोष्ट पतसंस्थेच्या कर्ज-समितीपुढे जात नाही.

व्याजाचा दर सांगतील तेव्हा लगेच विचार, फ्लॅट की रिड्युसिंग? एक लाख रुपये, 12 टक्के, 24 महिने. रिड्युसिंग, म्हणजे घटत्या शिलकेवर व्याज असेल तर हप्ता साधारण 4,707 रुपये आणि एकूण व्याज 13 हजारांच्या आत. तेच 12 टक्के फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावर, असतील तर व्याज 24 हजार आणि हप्ता 5,167. तोंडाने सांगितलेला दर एकच, पण तुझ्या हातून 11 हजार जास्त जातात. शिवाय पतसंस्थेच्या शेअर्सपोटी होणारी कपात, प्रक्रिया शुल्क, विमा हे सगळं वजा होऊन हातात नेमकं किती येणार, ते कागदावर लिहून माग. व्याज मंजूर रकमेवर चालतं, हातात आलेल्या रकमेवर नाही.

जामीनदाराबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. पतसंस्था दोन जामीनदार मागेल. आपल्याकडे मामा, चुलते, शाळेतले सर ‘सही तर करायचीय’ म्हणून येतात आणि चहा घेऊन जातात. ही सही नावापुरती नसते. 1872 च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्ज थकलं तर सहकार कायद्याच्या कलम 101 खाली निघणारा वसुली दाखला त्याच्याही नावाने निघतो, पगारदार असेल तर पगारातून कपात सुरू होते. अशा एका दाखल्यावरून भावाभावांचं येणंजाणं बंद झालेलं मी पाहिलंय. ज्याला जामीन ठेवशील, त्याच्यापुढे तुझी वही उघड. तो ‘नको’ म्हणाला तर राग धरू नकोस. आणि हमीपत्रावर रकमेची जागा कोरी असेल, तर ती भरल्याशिवाय तूही सही करू नकोस, त्यालाही करू देऊ नकोस. सह्या केलेल्या कोऱ्या चेकांचंही तसंच. द्यावेच लागले तर चेकचे नंबर लिहून पोच घे.

अर्ज तू पुढच्या आठवड्यात करणार म्हणतेस. मी म्हणेन, चार-सहा महिने थांब. आईच्या बचत गटातून छोटी रक्कम घेऊन घरच्या कढईवर सुरुवात कर आणि पतसंस्थेत पिग्मी लाव. रोज दोनशे का होईना, पण रोज. पिग्मी एजंट दुपारी दारात येतो, हातातल्या यंत्रातून पावती फाडून देतो, आणि कढई चालू आहे की बंद हे तेव्हाच पाहून जातो. शाखेतला साहेब तुझ्याबद्दल आधी त्यालाच विचारणार. पावत्या, उधारीची वही, विक्रीचे पैसे जमा झालेलं बँक स्टेटमेंट, हे तुझ्याकडे असलं तर ओळखपाळखीची फारशी गरज उरत नाही.

मोठ्या यंत्रासाठी मात्र आधी बँकेत विचार. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने 2020 मध्ये योजना आणली. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं, आणि जळगाव जिल्ह्यासाठी पीक धरलं होतं केळीच. सध्या अर्ज घेतात का, हे कृषी कार्यालयात जाऊन विचार. हे अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं. एजंटाला मधे घेऊ नकोस. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, तर फुकट होते, तिचेही पैसे घेणारे बसलेत.

आणि पतसंस्था जसं तुला तपासते तसं तूही तिला तपास. वार्षिक अहवाल माग, लेखापरीक्षणाचा वर्ग आणि थकबाकी बघ. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था बुडाल्यावर ठेवीदारांनी किती खेटे घातले ते तुझ्या आजीला विचार. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. म्हणून कर्ज तिथून घेतलंस तरी घरातली सगळी शिल्लक तिथे ठेवू नकोस.

वहीची दोन्ही पानं झाली की फोटो काढून मला पाठव. आकडे बघून कुठे कमी धरलंस ते सांगतो, मग अर्ज बसून लिहू.

तुझा,
काका