उशाशी हात पोचला पाहिजे

प्रश्न : ताई, आमची झोपायची खोली 9 फूट बाय 11 फूट आहे. पलंग 5 फूट रुंद, साडेसहा फूट लांब. 9 फुटी भिंतीकडे उशी येते. डावीकडे 34 इंच जागा उरते, दारातून यायची वाट तीच. उजवीकडे खिडकीच्या भिंतीपर्यंत जेमतेम 14 इंच. मला दोन्ही बाजूंना सारखी साइड टेबलं हवी आहेत. 18 इंच रुंद, तीन खणांची एक जोडी मनात भरली आहे. घरचे म्हणतात, डावीकडे एकच ठेव. पण मग उजवीकडे झोपणारे आमचे हे चष्मा गादीवर ठेवतात आणि सकाळी त्यावरच बसतात. दोन चष्मे मोडून झाले! (पलंगाला डावीकडून ओढायचे दोन मोठे खण आहेत, त्यामुळे सामानाची तशी अडचण नाही.)

उत्तर : जोडीचे पैसे दिले नसतील तर दोन दिवस थांबा. सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी कंसात टाकलीत. पलंगाचे ते खण! त्यातला उशाकडचा खण नेमका जिथे उघडतो, तिथेच तुम्ही टेबल उभं करणार आहात. म्हणजे तो खण कायमचा बंद, किंवा पांघरूण काढायचं म्हटलं की आधी टेबल सरकवा, त्यावरचं पाण्याचं भांडं सांभाळा. महिनाभर कराल, मग सोडून द्याल.

डावीकडे पायांचं टेबल नकोच. भिंतीला टांगलेलं करून घ्या. जमिनीपासून पलंगाच्या खणाच्या वरच्या कडेपर्यंत माप घ्या. मग गादीवर बसून, ती दबल्यावर तिचा माथा किती उंच राहतो ते कुणाला तरी मोजायला सांगा. या दोन मापांमध्ये जेवढं अंतर, तेवढी तुमच्या टांगत्या टेबलाची जाडी. बहुतेक 6-7 इंच निघेल. त्यात एक उथळ खण आरामात बसतो आणि खालून पलंगाचा खणही मोकळा सरकतो. रुंदी 16 इंच पुरे, भिंतीपासून पुढे 14 इंच. पुढचा कोपरा मात्र गोल करून घ्या, कारण अंधारात तिथून तुम्ही रोज जाणार आहात.

उंचीबद्दल एक माझीच फजिती सांगते. दुसऱ्यांना सल्ले द्यायला लागण्याआधी मी स्वतःसाठी तीन खणांचं, 28 इंच उंच टेबल आणलं होतं. माझी गादी 20 इंचांवर. दुकानात उभं राहून बघताना फार देखणं दिसलं. आडवं होऊन कोण बघतंय! पहिल्याच आठवड्यात झोपेत हात वर करून पाणी घ्यायला गेले आणि ते अर्धं उशीवर, अर्धं टेबलावर. टेबल एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीचं होतं. कडेच्या पट्टीतून पाणी आत शिरलं आणि वरची फळी पुरीसारखी टम्म फुगली. फुगलेलं एमडीएफ पुन्हा बसत नाही. तेव्हापासून मी टेबलाचा माथा गादीच्या बरोबरीने, फार तर दोन इंच वर-खाली, असाच ठेवायला सांगते. आणि पाणी ठेवायचं असेल तर प्लाय. कडा चारी बाजूंनी, खालूनसुद्धा, पट्टीने बंद केलेल्या.

आता 14 इंचांची उजवी बाजू. तिथे 18 इंची टेबल बसणारच नाही. पण काहीच बसणार नाही असं घरचे म्हणतात, तेही खरं नाही. तुमचे हे पायथ्याकडून, अंग तिरकं करून येत असतील आणि पलंगाच्या मध्यावर बसून पाय वर घेत असतील. उशाच्या कोपऱ्यापर्यंत चालत कुणी जात नाही. तो कोपरा रिकामाच असतो. तिथे 10 इंच रुंद साधी फळी मारा, तुमच्या टेबलाच्याच उंचीवर. तिच्या पुढच्या कडेला अर्ध्या इंचाचा कठडा हवा, म्हणजे चष्मा घरंगळणार नाही. पडदा पूर्ण बाजूला सारल्यावर त्याचा चुणीदार गठ्ठा किती जागा खातो, तेही मोजा. तो 4 इंचांहून जास्त असेल तर फळी 8 इंचांची करा. चष्म्याला तेवढी बास. दोन्ही बाजूंचा माथा एका रेषेत आणि लॅमिनेट एकच असलं की जोडी नसल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

दिवा टेबलावर ठेवू नका, अर्धी जागा त्यालाच जाते. भिंतीवर लावा, टेकून बसल्यावर शेडची खालची कड हनुवटीच्या आसपास यावी, म्हणजे बल्ब डोळ्यांत येत नाही. भोकं पाडायच्या आधी भिंतीवर टिचकी मारून बघा. पोकळ आवाज आला तर साधे प्लग-स्क्रू धरणार नाहीत, पोकळ भिंतीचे वेगळे घ्यावे लागतील. आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल नको. वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.

सुताराला बोलावण्याआधी एवढं करा : तीन रात्री झोपताना हातातून काय काय खाली ठेवता ते लिहून काढा, दोघांनीही. माझ्या अनुभवात यादी पाच-सहा वस्तूंपुढे जात नाही. तीन खण लागतात ते दिवसा कोंबायच्या वस्तूंना. मग पुठ्ठ्याचं खोकं त्या मापाला कापून, चिकटपट्टीने भिंतीला लावून चार दिवस वावरा. गुडघा आपटला तर पुठ्ठाच चेपेल.

प्रश्न : बिछान्याशेजारच्या टेबलाला काचेचा टॉप कसा? खोली लहान आहे, काचेने मोकळी वाटेल असं ऐकलं.

उत्तर : दिसायला वाटते खरी. पण रात्री दोनला त्यावर घड्याळ ठेवून बघा, शेजारचं माणूस जागं होतं की नाही. हौस असेलच तर टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली काच घ्या, कडा घासलेल्या, आणि वर एक कापडी चटई. मग काच दिसणार नाही, ते सोडा.