उजाड माळरानावरचा काळविटांचा कळप हुबेहूब रंगवलाय, तरी प्राणी कापून चिकटवल्यासारखे का दिसतात?

तुम्ही लिहिलंय की कळप नेटवरच्या फोटोंवरून रंगवला आणि माळ शेवटी भरला. गोची तिथेच आहे.

मी नाशिकचा. येवल्याकडे ममदापूरच्या माळावर स्केचिंगला जातो. आधी क्षितिजरेषा तपासा. क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतं. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून दीडेक मीटरवर, काळवीट खांद्यापाशी साधारण ऐंशी सेंटिमीटर. म्हणजे सपाट माळावर हरीण जवळ असो वा लांब, क्षितिज त्याच्या खुरांपासून त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवरच येणार. एकाची पाठ क्षितिजाच्या वर, दुसऱ्याची पार खाली, असं झालं की कळप एका जमिनीवर उभाच राहत नाही. वेगवेगळे फोटो जोडले की हटकून हेच होतं. कुणी जीपमधून काढलेला, कुणी जमिनीवर पालथं पडून. चढउतार दाखवायचा असेल तर तो मातीत आधी दिसू द्या.

मग पोट. उन्हाळ्यात मुरूम असा फटफटीत असतो की त्याचा पिवळसर उजेड खालून पोटावर चढतो. तिथे ट्यूबमधला पांढरा लावू नका. मादीची उन्हातली बदामी पाठ आणि सावलीतलं पांढरं पोट टोनला, म्हणजे उजळ-गडदपणाला, पुष्कळदा जवळ येतात, म्हणून ती सपाट दिसते, मातीत मिसळते. ॲबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ मध्ये हेच मांडलं होतं. पक्ष्या-प्राण्यांची रंगसंगती एका चित्रकाराने उलगडावी, याचं मला भारी अप्रूप! तेव्हा माद्यांच्या कडा सगळीकडे कोरू नका, एखादी जमिनीत विरू द्या.

नर काळाकुट्ट केला असेल तर महिना बघा. पावसाळा सरताना जुने केस झडून नवे आल्यावर तो गडद दिसतो, एप्रिलपर्यंत रंग उतरून तपकिरी होतो. करपलेल्या माळावर हिवाळ्यातला नर उभा केलात तर नेहमी माळावर फिरणाऱ्याला तो खटकणारच. काळा मी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून करतो. त्यात ऊब-गारवा कमीजास्त करता येतो.

ब्रूनो लिलियेफोर्स या स्वीडिश चित्रकाराचे ससे, कोल्हे जरूर बघा. जनावर आणि जागा त्याने वेगळी काढलेलीच नाहीत.

आहे तो कॅनव्हास फेकू नका. क्षितिज वर-खाली करून जितकी जनावरं जमिनीवर बसतील तितकी ठेवा, उरलेली सरळ पुसा. कळप लहान झाला तरी बिघडत नाही.